मंजुरीपत्र आलं, पैसे अडले: सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या फ्लॅटचं कर्जप्रकरण

फ्लॅट पुण्यात सिंहगड रस्त्यालगतचा, २००३ साली पुरी झालेल्या इमारतीतला. दोन बेडरूम, पुढे टेरेस. ठरलेली किंमत ६२ लाख. घेणारे नवरा-बायको चाळिशीच्या अलीकडचे. नवरा चाकणच्या एका कारखान्यात, बाई अनुदानित शाळेत शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना १ लाख २० हजार, आणि गाडीचा ९ हजारांचा हप्ता चालू. विकणाऱ्याला हे घर वडिलांकडून आलेलं. आई आधीच गेलेली, वडील २०१७ मध्ये गेले. त्याला दोन बहिणी: एक साताऱ्याला, दुसरी नवऱ्याच्या नोकरीमुळे आखातात. या दोघींचा उल्लेख पहिल्या बैठकीत कुणीच केला नव्हता.

व्यवहार फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरला आणि कर्जाचे पैसे मालकाच्या हातात पडले ते मे संपताना. मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत. हे जोडपं ओळखीतून सल्ल्याला आलं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून प्रकरण मांडतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळी गडबड तिथेच झाली. गृहकर्जात बँक दोन वेगळ्या तपासण्या करते. पहिली माणसाची: पगार, चालू हप्ते, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा अहवाल, वय. दुसरी घराची: मालकी कुणाची, बांधकाम परवानगीचं आहे का, विकायला काढलं तर किती येतील. पहिली तपासणी आठ-दहा दिवसांत उरकते आणि मंजुरीपत्र हातात पडतं. लोक पेढे वाटतात. त्या पत्राच्या अटींमध्ये ‘मालमत्तेचा कायदेशीर व तांत्रिक अहवाल समाधानकारक असल्यास’ अशा अर्थाची एक ओळ असते, आणि पैसे त्या ओळीवर टांगलेले असतात.

या जोडप्याचं माणसांचं प्रकरण सोपं होतं. नवऱ्याने दुचाकीचं कर्ज कधीच फेडलं होतं, पण सिबिलमध्ये ते चालू दिसत होतं. त्या वित्तसंस्थेचा बेबाकी दाखला जोडून तक्रार केल्यावर ती नोंद महिन्याभरात दुरुस्त झाली. आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो अर्जाच्या आधीच काढून पाहिला की हे काम शांतपणे होतं. बँकेने ५० लाखांपर्यंतची पात्रता मान्य केली. व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, मंजुरीपत्राची वैधता तीन महिने.

आता पैशांचं गणित. किमतीच्या ८० टक्के कर्ज मिळतं एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून ४९ लाख ६० हजार बँकेचे आणि १२ लाख ४० हजार आपले, असा हिशेब वहीत लिहून ठेवला होता. ८० टक्क्यांची मर्यादा रिझर्व्ह बँकेचीच आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यापुढे ७५. पण हे टक्के करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यांतल्या कमी आकड्यावर लागतात. व्हॅल्युअरने फ्लॅट ५८ लाखांचा धरला. कारण पुढची टेरेस. मालकाच्या वडिलांनी ती ग्रिल आणि पत्रा टाकून बंद केली होती, आतून खोलीसारखी दिसत होती, आणि एजंटने तिचं क्षेत्रफळ खोलीच्याच भावाने किमतीत धरलं होतं. महापालिकेच्या मंजूर नकाशात मात्र ती उघडी टेरेस होती. व्हॅल्युअर नकाशा हातात घेऊन येतो. नकाशात नसलेल्या खोलीचे पैसे तो धरत नाही. पुण्यात बंद केलेल्या टेरेस आणि बाल्कन्या इतक्या आहेत की लोकांना त्यात काही वावगं वाटेनासं झालं आहे. अशा घराची किंमत ठरवताना घेणाऱ्यानेही नकाशाच पाहावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

५८ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४६ लाख ४० हजार. कर्ज ३ लाख २० हजारांनी घटलं आणि तेवढाच भार पदरच्या पैशांवर आला. किंमत खाली आणायला मालक तयार नव्हता. त्यात मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशेबात धरताच येत नाही, तो पूर्ण स्वतःचा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक कर आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के. खरेदी फक्त स्त्रीच्या नावाने असेल तर राहत्या घराला १ टक्का सवलत. नवऱ्याचं नाव बरोबर आलं की सवलत गेली. इथे त्या सवलतीची किंमत ६२ हजार रुपये होती. घर एकट्या बाईंच्या नावावर आणि कर्ज दोघांच्या, असं बँकेला चालतं. मालक असलेली प्रत्येक व्यक्ती कर्जात हवी, पण प्रत्येक कर्जदार मालक असावाच लागतो असं नाही. आयकरातली व्याजाची वजावट मात्र मालक असलेल्या कर्जदारालाच मिळते. नवरा नव्या करप्रणालीत होता, तिथे राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. बाई जुन्या प्रणालीत होत्या, त्यांना मिळणार होती. मग प्रश्न उरला घरातल्या मोठ्यांचा. सासऱ्यांना ‘दोघांच्या नावावर’ हवं होतं. त्यावर दोन रविवार चर्चा झाली आणि ६२ हजारांनी निकाल लावला.

एकूण खर्च असा जमला: स्वतःचा हिस्सा १५ लाख ६० हजार, ६ टक्क्यांनी मुद्रांक ३ लाख ७२ हजार, नोंदणी फी ३० हजार (किंमत कितीही मोठी असली तरी कमाल एवढीच), एजंटचा १ टक्का, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, शिवाय बँकेची प्रक्रिया फी, वकील, व्हॅल्युअर आणि गहाणाच्या कागदांचा मुद्रांक. सगळं मिळून २१ लाखांच्या घरात. जवळ होते १७. वहीतल्या १२ लाख ४० हजारांपासून हा आकडा किती लांब आहे पाहा. तूट भरायला वैयक्तिक कर्ज काढायचा विचार नवऱ्याच्या मनात आला होता. तो हप्ता लगेच पात्रतेत मोजला गेला असता आणि गृहकर्जच आणखी घटलं असतं. त्याऐवजी भविष्य निर्वाह निधीतून घरासाठीची आगाऊ रक्कम काढली. घर पत्नीच्या नावावर असलं तरी ती मिळते.

इथवरचा त्रास पैशांचा होता. खरी अडचण बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांच्या अहवालात होती.

वकिलांनी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घेतला. जमिनीचा सातबारा, बिनशेतीचा आदेश, मूळ जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला विकसन करारनामा, बांधकाम परवाना, भोगवटा पत्र, सगळं जागेवर होतं. वडिलांनी बिल्डरशी केलेला नोंदणीकृत करारनामा, पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), तेही मूळ प्रतीत. त्यानंतर साखळी तुटत होती. वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर घर आल्याचा एकमेव पुरावा म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. वडिलांनी सोसायटीत मुलाला नॉमिनी केलं होतं, त्यांच्या पश्चात सोसायटीने सर्टिफिकेटच्या मागे मुलाचं नाव चढवलं, आणि तेव्हापासून मुलगा स्वतःला मालक समजत होता. मेंटेनन्सची बिलं त्याच्या नावे, महापालिकेच्या मिळकतकराची पावतीही.

वकिलांनी लिहिलं: नॉमिनी सभासद होतो, त्यामुळे मालक होत नाही. मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वर्ग १ चे वारस समान हिस्सेदार. तीन मुलं, तीन हिस्से. विकणाऱ्याकडे एक तृतीयांशच आहे. उरलेल्या दोन हिश्श्यांचं काय ते आधी कागदावर आणा.

महाराष्ट्रात हा गोंधळ घरोघरी आहे. सोसायटीच्या समितीलाही वाटतं की नाव चढवलं म्हणजे मालकी दिली. सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेण्याची तरतूद आणली, पण हे प्रकरण तिच्या आधीचं होतं आणि सर्टिफिकेटवर ‘तात्पुरता’ असं काही लिहिलेलं नव्हतं. मालक खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. बहिणींनी कधी हिस्सा मागितला नव्हता, म्हणून तो नाही, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

या टप्प्यावर जोडप्याला वाचवलं ते विसार पावतीने. विसार १ लाखाचा, चेकने दिलेला. एजंटच्या छापील मजकुरात ‘४५ दिवसांत करारनामा न झाल्यास विसार जप्त’ एवढंच होतं. बाईंनी सही करण्याआधी त्याखाली पेनने एक वाक्य लिहायला लावलं: बँकेच्या वकिलांनी मालकी हक्काबाबत हरकत घेतल्यास मुदत आपोआप वाढेल, आणि हरकत दूर न झाल्यास विसार पूर्ण परत. मालकाची आणि एजंटची त्याखाली सही. ४५ दिवस मार्चमध्येच संपले. एजंटने जप्तीची भाषा करून पाहिली, तेव्हा हे वाक्य त्याच्यापुढे ठेवलं गेलं. विसार देण्याआधी वकिलाकडून सर्च करून घेणं सगळ्यात उत्तम. त्याला वेळ नसेल तर निदान एवढं वाक्य पावतीत असलंच पाहिजे.

हरकत दूर करायचे दोन रस्ते होते. पहिला: दोन्ही बहिणींनी भावाबरोबर विकणारे म्हणून करारनाम्यावर सह्या करायच्या. कायद्याने निर्दोष. पण आखातातली बहीण आयकराच्या दृष्टीने अनिवासी होती. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून तेव्हाचा २६क्यूबी हा फॉर्म भरायचा, ही सोपी सोय निवासी विकणाऱ्यापुरतीच होती. अनिवासी व्यक्तीच्या हिश्श्यावर कितीतरी जास्त दराने कपात करावी लागते, घेणाऱ्याला त्यासाठी तेव्हा टॅन (कर कापणाऱ्याचा) क्रमांक काढावा लागत होता, विवरणपत्र वेगळं. कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून मिळवता येतो, पण त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. आणि कपात राहिली तर खातं विचारतं ते घेणाऱ्याला.

दुसरा रस्ता हक्कसोडपत्राचा. बहिणींनी आपापला हिस्सा भावाच्या लाभात मोबदल्याशिवाय सोडायचा, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, आणि मग भावाने एकट्याने विकायचं. अशा दस्ताला तेव्हा २०० रुपयांचा मुद्रांक पुरत होता. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० झाला. साताऱ्याची बहीण लगेच तयार झाली. आखातातल्या बहिणीने तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं, असा पर्याय होता. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, तेही जमलं असतं. पण बँकेच्या वकिलांना ती प्रत्यक्ष हजर राहिली तर जास्त बरं वाटत होतं, आणि मुलांच्या सुट्टीत मे महिन्यात ती येणारच होती. मग थांबायचं ठरलं. बहिणींना भावाने नंतर काही दिलं का, हा त्यांच्या घरचा प्रश्न. मी मालकाला एवढंच म्हटलं की, ‘दादा, सही घेण्याआधी दोघींना कागद वाचून दाखवा, आणि त्यांनी वेळ मागितला तर द्या.’ घाईने घेतलेलं हक्कसोडपत्र पुढे कोर्टात जातं आणि त्यात नवा मालकही ओढला जातो.

वकिलांची दुसरी हरकत लहान होती. वडिलांनी २००३ मध्ये हे घर कर्जावर घेतलं होतं. ते फिटून बरीच वर्षं झाली, मूळ कागद परतही आले होते, पण सोसायटीच्या दप्तरात त्या कर्जाचा बोजा तसाच होता. जुन्या वित्तसंस्थेचं बेबाकी पत्र वडिलांच्या फायलीत सापडलं, सोसायटीला दिलं, नोंद कमी झाली. गहाणांची केंद्रीय नोंदवही म्हणजे सेरसाईवरही शोध घेतला, तिथे काही नव्हतं. सोसायटीचं ना हरकत पत्र याच फेरीत मागितलं. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला ते लागत नाही, बँकेला मात्र लागतं. समितीने आधी ‘देणगी’चा विषय काढला. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार आहे आणि देणगी सक्तीने घेता येत नाही, हे शासनाचं परिपत्रक दाखवल्यावर विषय मिटला.

मेच्या पहिल्या आठवड्यात बहीण आली. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात तिघं भावंडं अंगठे आणि फोटो देऊन आली. हक्कसोडपत्र नोंदलं गेलं. तोवर मंजुरीपत्राची तीन महिन्यांची मुदत संपत आली होती. बँकेने ताज्या पगारपत्रकांवर ती वाढवून दिली.

करारनाम्याच्या आधी स्वतःचा हिस्सा भरून दाखवावा लागतो. बँक आपले पैसे शेवटी घालते. १५ लाख ६० हजारांची विभागणी अशी झाली: विसाराचा १ लाख, १३ लाख ९८ हजार मालकाच्या खात्यात, आणि ६२ हजार टीडीएस म्हणून सरकारजमा. टीडीएस मालकाच्या पैशातून कापलेला असतो, त्याच्यावर तो वेगळा बोजा नाही. ही गोष्ट मालकाला तीनदा समजवावी लागली. मुद्रांक पूर्ण करारनाम्यावरच भरला, त्यामुळे नंतरच्या खरेदीखताला तो पुन्हा पडला नाही.

नोंदणीच्या दिवशी सर्व्हर बंद. करारनामा पाच दिवस पुढे गेला. बँकेने मालकाच्या नावाचा ४६ लाख ४० हजारांचा डीडी आधीच काढून ठेवला होता. करारनामा नोंदल्यावर तो मालकाला मिळाला, पण कर्जखात्यात व्याज डीडी काढल्या दिवसापासून लागलेलं दिसलं. महिन्याचं पहिलं व्याज ३२ हजार ८६७ रुपये. म्हणजे दिवसाला हजारावर. नेमकं २९ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून याच प्रथेवर बोट ठेवलं होतं: चेक शाखेतच पडून असताना व्याज लावणं गैर, घेतलेलं परत करा. बाईंनी त्याची प्रत जोडून शाखेला अर्ज दिला. जास्तीचं व्याज पुढच्या महिन्यात परत जमा झालं. शाखेतल्या मंडळींनी हे मुद्दाम केलं असं नाही, सॉफ्टवेअर तसंच लावलेलं होतं. पण अर्ज दिला नसता तर कुणाच्या लक्षात आलं असतं, याची मला शंका आहे.

कर्ज वाटपाच्या टेबलावर आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून देण्याचा आग्रहही झाला. बँक सांगेल तीच पॉलिसी घ्यायची सक्ती नाही. नवऱ्याने स्वतंत्र टर्म विमा काढला आणि त्याची प्रत दिली.

राहिला प्रत्यक्ष गहाणाचा भाग. आपल्याकडे बहुतेक गृहकर्जांत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मधला मूळ हक्कपत्रं ठेवून केलेला गहाण असतो. घराचा ताबा आपल्याकडे, नाव आपलं. बँकेकडे जातात मूळ कागद. बाईंनी शाखेत जुन्या मालकाच्या वडिलांचा २००३ चा करारनामा, हक्कसोडपत्र, नवा करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट जमा केलं, आणि गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत निबंधकाकडे ऑनलाइन दाखल झाली. हे काम बँकेचा माणूस करून देतो, पण जबाबदारी कर्जदाराची असते. जमा केलेल्या कागदांची सही-शिक्क्यासह यादी मी त्यांना हट्टाने घ्यायला लावली. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे; पण काय काय दिलं होतं हे दाखवायला यादी हवी.

हप्ता बसला ४० हजार २६७ रुपये. पहिल्या हप्त्यातले जेमतेम ७ हजार ४०० मुद्दलात गेले. वीस वर्षं असंच चाललं तर व्याजच ५० लाखांवर जातं. हा आकडा पाहून बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो. वर्षाला एक जादा हप्ता भरला तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. बाईंना दर दिवाळीत एक ठेव मुदत संपून मिळते, ती त्यासाठी राखून ठेवली आहे.

त्यांचा दर रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्या दराला, जोडलेला आहे. २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये रेपो मिळून १ टक्क्याने उतरला, तेव्हा बँकेचं पत्र आलं: हप्ता कमी करायचा की मुदत? नवऱ्याला हप्ता कमी हवा होता, गाडीचं कर्जही चालू होतं. हप्ता तोच ठेवला तर मुदत सुमारे अडीच वर्षांनी आखडते, एवढं गणित मी कागदावर मांडून दिलं. त्यांनी हप्ता तसाच ठेवला आहे. टेरेसवरचा पत्रा मात्र अजून काढलेला नाही.